४८ बिटमध्ये स्कॅन करूनही काळोख्या भागात काही दिसत नाही? स्कॅनर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच धाटणीची असते. जुन्या फिल्मची स्लाइड प्रोजेक्टरवर लावली तर झाडाखाली बसलेला माणूस, त्याच्या मागची भिंत, भिंतीवरचं शेवाळ, सगळं दिसतं. तीच स्लाइड स्कॅन केली की झाडाखाली नुसता काळोख. तो उजळायला सरकपट्टी ओढावी तर तांबडे-हिरवे ठिपके वर येतात, नाहीतर पट्टे पडतात, नाहीतर सगळ्यावर राखाडी झाक चढते.

यावर पहिला सल्ला ठरलेला: "२४ बिटवर असेल, ४८ वर कर." (हे आकडे तिन्ही रंगांचे मिळून, म्हणजे एका रंगाला ८ किंवा १६ बिट.) केलं की फाइल दुप्पट होते, चित्र जिथल्या तिथे. मग दुसरा सल्ला येतो: "स्कॅनरच बदल. १६ बिटचा घे, त्याची रेंज ४.८ असते." हा दुसरा सल्ला खिशाला फार लागतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या रोगावरचं औषध ठरतो.

बिट डेप्थ सांगते की स्कॅनर किती बारीक मोजतो. डायनॅमिक रेंज सांगते की उजेडाकडून काळोखाकडे जाताना कुठपर्यंत त्याचं मोजणं खरं धरावं. दोन्हींचा संबंध आहे, पण एकतर्फी आहे. बिट कमी पडले तर रेंज अडते. बिट वाढवले म्हणून रेंज वाढत नाही.

४.८ हा आकडा येतो कुठून

फिल्मची घनता लॉगमध्ये मोजतात. उजेडाचा दहावा हिस्सा पार झाला तर घनता १, शंभरावा झाला तर २, हजारावा झाला तर ३. घनता ०.३ ने वाढली की उजेड निम्मा होतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात एक स्टॉप.

आता कॅल्क्युलेटर घ्या. १२ बिटमध्ये ४,०९६ पातळ्या असतात, त्याचा लॉग ३.६. १४ बिटमध्ये १६,३८४, लॉग ४.२. १६ बिटमध्ये ६५,५३६, लॉग ४.८. आणि निकॉनच्या जुन्या फिल्म स्कॅनरांची माहितीपत्रकं शेजारी ठेवा. १२ बिटचा कूलस्कॅन फोर ईडी: ३.६. १४ बिटचा कूलस्कॅन फाइव्ह ईडी: ४.२. १६ बिटचा कूलस्कॅन ५००० ईडी: ४.८. ही तिन्ही यंत्रं चांगलीच होती, त्यांना अजूनही गिऱ्हाईक आहे. पण आकडे बिटच्या गणिताशी इतके तंतोतंत जुळतात की ते स्लाइड मोजून काढलेले नसणार हे सांगायला ज्योतिषी नको. ही कन्व्हर्टरची, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाची, कागदावरची कमाल मर्यादा आहे.

उलट उदाहरण एप्सनचं. परफेक्शन व्ही६०० आणि व्ही७०० दोन्ही ४८ बिटचे, म्हणजे प्रत्येक रंगाला १६ बिट. पण कमाल घनता कंपनीच व्ही६०० ची ३.४ सांगते आणि व्ही७०० ची ४.०. बिट सारखे, रेंज वेगळी. ४.० वरही मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, पण निदान तो आकडा बिटवरून काढलेला नाही.

मग रेंज ठरते कशावरून? नॉइजवरून, म्हणजे मोजणीत आपोआप होणाऱ्या वरखालीवरून, आणि स्कॅनरच्या आत इकडेतिकडे सांडणाऱ्या उजेडावरून. सराफाच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवा. मिलिग्रॅमपर्यंत आकडे दाखवतो, पण डोक्यावर पंखा चालू असेल तर शेवटचे दोन आकडे सारखे नाचत राहतात. त्याला आणखी एक दशांश स्थळ जोडून दिलं तर नाचणारे आकडे दोनाचे तीन होतील, वजन काही जास्त अचूक कळणार नाही.

बिट नेमके कुठे कमी पडतात

बिट बिनकामाचे आहेत असं कुणी समजू नये. सेन्सर उजेड सरळ मोजतो: उजेड निम्मा, आकडा निम्मा. त्यामुळे १२ बिटच्या ४,०९६ पातळ्यांपैकी २,०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये जातात. पुढच्या स्टॉपला १,०२४, त्याच्या पुढच्याला ५१२, असं करत तळाच्या स्टॉपांच्या वाट्याला दोन-चार पातळ्या उरतात. घनता ३.० असलेल्या जागी १२ बिटचा स्कॅनर ४ वाचतो, ३.२ ला २ किंवा ३. म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश स्टॉपचा फरक एक-दोन पायऱ्यांत आटोपला. १६ बिटमध्ये त्याच जागांना साधारण ६५ आणि ४१ मिळतात, मध्ये चोवीस पायऱ्या. हा फायदा खरा आहे.

अट एवढीच की नॉइज त्या पायऱ्यांपेक्षा लहान हवा. तुमचा स्कॅनर काळोखात १६ बिटच्या हिशेबाने ३० पातळ्या वरखाली डोलत असेल, तर ६५ आणि ४१ मध्ये भेद करणं त्याला एका वाचनात जमणार नाही. ३० पातळ्यांचा नॉइज १२ बिटमध्ये दोनाच्या आसपास होतो, त्यामुळे त्या यंत्रातले खालचे तीन-चार बिट नॉइजच टिपत बसतात.

या उलटचा गैरसमजही तेवढाच पसरलेला आहे: "८ बिटचा लॉग २.४, म्हणून जेपीईजीमध्ये २.४ च्या पुढची घनता मावत नाही." हे सरळ रेषेतल्या आकड्यांना लागू आहे, गॅमा लावलेल्या, म्हणजे काळोख्या छटांना जास्त पायऱ्या देणाऱ्या, फाइलला नाही. गॅमा २.२ असेल तर शून्याच्या वरची पहिली पायरी घनता ५.३ च्या आसपास पडते. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीमध्ये शून्याजवळचा तुकडा सरळ ठेवलेला आहे, त्यामुळे तिथे ती ३.५ च्या जवळ येते. मतलब, काळोख दाखवायला ८ बिट पुरतात. तो ओढून-ताणून उजळायचा झाला की पुरत नाहीत. अनेक जुन्या ड्रम स्कॅनरांमध्ये (फिल्म फिरत्या नळकांड्यावर लावून वाचणारी यंत्रं) फोटोमल्टिप्लायर नळीचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या नळीचा, सिग्नल आकड्यांत बदलण्याआधीच लॉगमध्ये नेत असत, आणि म्हणून थोड्या बिटांतही त्यांचा काळोख आजच्या टेबलावरच्या यंत्रांना लाजवेल असा निघे.

लक्षण ओळखा

स्कॅन १०० टक्क्यांवर उघडा, काळोखा भाग फोटोच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये चांगला उजळा आणि नीट बघा. चारपैकी एक दिसेल, कधी दोन एकत्र.

हलक्या छटा बदलतात तिथे पट्टे पडले आणि हिस्टोग्राम (कोणती छटा किती आहे ते दाखवणारा आलेख) कंगव्यासारखा झाला, तर बिट वाटेत कुठेतरी गळले आहेत. बारीक रंगीत ठिपके दिसत असतील आणि पुन्हा स्कॅन केल्यावर ते वेगळ्या जागी येत असतील, तर नॉइज. काळोख काळा न दिसता राखाडी दिसतो, आणि तोही उजळ भागाच्या शेजारी जास्त, तर सांडलेला उजेड, म्हणजे फ्लेअर. सगळा भाग अगदी एकाच आकड्याचा, सपाट शून्य असेल, तर स्कॅनच्या सॉफ्टवेअरने ब्लॅक पॉइंट, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं शून्य धरतात ती हद्द, वर ओढून तो कापलेला आहे.

आणि पाचवी शक्यता: स्लाइडमध्येच काही नाही. स्लाइडच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि भिंगातून बघा. तिथेही काळंच दिसलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पट्टे: बिट गळतात कुठे

हे सगळ्यात सोपं दुखणं, आणि ४८ बिटचा सल्ला खरा लागू पडतो तो इथेच. फक्त खूण केली म्हणजे ४८ बिट फाइलपर्यंत पोचले असं नाही. जेपीईजीमध्ये सेव्ह करत असाल तर ८ बिटच उरतात, त्यामुळे टिफ घ्या. जुन्या स्वस्त फ्लॅटबेडच्या, म्हणजे आडव्या काचेच्या स्कॅनरच्या, खोक्यावर "आत ४८, बाहेर २४" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असे. त्यांच्याकडून १६ बिटची फाइल मिळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या स्कॅन खिडकीतून काम केलं तर बहुधा २४ बिटच मिळतात. स्कॅनरबरोबर आलेलं किंवा व्ह्यूस्कॅन, सिल्व्हरफास्टसारखं सॉफ्टवेअर वापरा. आणि गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आवृत्ती बघावी. २०१८ मध्ये आलेल्या २.१० च्या आधीचा गिम्प १६ बिटची टिफ उघडताना ८ बिटची करून टाकतो.

फाइल १६ बिटची आहे पण आतला माल ८ बिटचा, असंही होतं. हे पकडायची एक खात्रीची रीत आहे. इमेज-जे हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा आणि काळोख्या भागावरून कर्सर फिरवा. खाली प्रत्येक पिक्सेलचा आकडा दिसतो. सगळे आकडे २५७ च्या पटीत निघाले, म्हणजे २५७, ५१४, ७७१ असे, तर ८ बिटचे आकडे ताणून १६ बिटच्या फाइलमध्ये भरलेले आहेत (६५,५३५ भागिले २५५ बरोबर २५७). काही सॉफ्टवेअर २५६ ने गुणतात, तेही लगेच लक्षात येतं. हे फोटोशॉपमध्ये बघू नका. त्याचा १६ बिट मोड आतून ० ते ३२,७६८ असा चालतो, त्यामुळे हा हिशेब तिथे जुळत नाही.

खरे १६ बिट असतील तर फरक केवढा पडतो ते पाहा. ८ बिटमधल्या ० ते ४० या पट्ट्याला ताणून पूर्ण केलं तर हाती ४१ पायऱ्या असतात, पट्टे पडणारच. १६ बिटमध्ये त्याच पट्ट्यात दहा हजारांवर पायऱ्या आहेत. मोल एवढंच की ३५ मिमीची स्लाइड ४,००० डीपीआयला स्कॅन केली तर ८ बिटमध्ये ६४ एमबी आणि १६ बिटमध्ये १२८ एमबी होते.

नॉइज: एक वजाबाकी

ठिपके दिसले की लोक सरळ नॉइज घालवणारा फिल्टर मारतात आणि शेवाळाबरोबर भिंतही गुळगुळीत करून टाकतात. त्याआधी नॉइज कोणत्या जातीचा आहे ते बघायला हवं.

स्लाइड न हलवता, एक्स्पोजर लॉक करून, तेच स्कॅन दोनदा घ्या. सगळ्या आपोआप दुरुस्त्या, शार्पनिंग, धूळ काढणं बंद. दोन्ही फाइली इमेज-जेमध्ये उघडा आणि इमेज कॅल्क्युलेटरमधून एकीतून दुसरी वजा करा. तिथे निकाल ३२ बिट फ्लोटमध्ये द्या अशी चौकट असते, तिच्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर ऋण आकडे शून्य होतात आणि निम्मा नॉइज गायब झालेला दिसतो. मग काळोख्या सपाट भागावर छोटा चौकोन काढून स्टँडर्ड डेव्हिएशन मोजा आणि १.४१ ने भागा. हा तुमच्या स्कॅनरचा एका वाचनातला स्वैर नॉइज. तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे मोजा, निळा बहुधा सगळ्यात खराब निघतो.

न कापलेली स्लाइड फिल्म असेल तर दोन फ्रेमांमधली काळी पट्टी यासाठी उत्तम. तिथे उजेड पडलेलाच नसतो, त्यामुळे ती त्या फिल्मची कमाल घनता असते. (निगेटिव्हमध्ये उलटं: तीच पट्टी सगळ्यात पारदर्शक.)

वजाबाकीत ठिपके राहिले तर तो स्वैर नॉइज, आणि त्यावर इलाज आहे. मल्टी-सॅम्पलिंग, म्हणजे तीच ओळ अनेकदा वाचून सरासरी. नॉइज वाचनांच्या वर्गमुळाने घटतो: ४ वाचनांत निम्मा, म्हणजे एक स्टॉप, घनतेत ०.३, १६ वाचनांत चौथाई, म्हणजे ०.६. कूलस्कॅन ५००० एकाच फेरीत १६ वाचनं घेऊ शकतो. ज्यांना दरवेळी सेन्सरची गाडी पुन्हा फिरवावी लागते त्यांच्यात फेऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत आणि चित्र मऊ पडतं. ४ च्या पुढे मी सहसा जात नाही. वेळ चौपट घालवून आणखी एकच स्टॉप मिळतो.

त्याहून हुकमी उपाय म्हणजे मल्टी-एक्स्पोजर: एक स्कॅन नेहमीचा, दुसरा जास्त एक्स्पोजरचा, आणि काळोखा भाग दुसऱ्यातून घ्यायचा. सिल्व्हरफास्ट आणि व्ह्यूस्कॅन दोघांतही ही सोय आहे, पण स्कॅनरला एक्स्पोजर खरोखर बदलता यायला हवं. बऱ्याच फ्लॅटबेडच्या सॉफ्टवेअरमधली ब्राइटनेसची पट्टी ही स्कॅन झाल्यानंतरची आकडेमोड असते. तिने नॉइजही तेवढाच उजळतो.

वजाबाकीत ठिपके गेले, पण मूळ स्कॅनमध्ये गाडी चालते त्या दिशेने लांबच लांब सरळ रेघा दिसतात? मग तो स्वैर नॉइज नव्हे. प्रत्येक वेळी त्याच जागी येतो म्हणून वजाबाकीत कटला. याला सरासरी कितीही घ्या, ढिम्म हलणार नाही. फ्लॅटबेडवर फिल्म होल्डरच्या वरच्या टोकाला एक मोकळी खिडकी ठेवलेली असते, तिथून स्कॅनर स्वतःचं कॅलिब्रेशन करतो. तिथे एखादा केस पडला असेल, बोटाचा ठसा असेल, किंवा फिल्मची पट्टी पुढे सरकून तिच्यावर आली असेल, तर ती चूक प्रत्येक ओळीत वरपासून खालपर्यंत उतरते. काच पुसून, होल्डर नीट बसवून, पुन्हा प्रिव्ह्यू घ्या. व्ही७०० सारख्या फ्लुरोसंट दिव्याच्या यंत्रांना आधी थोडं तापू द्या. व्ही८०० आणि व्ही८५० मध्ये एलईडी आहेत, त्यांना ते लागत नाही.

फ्लेअर: ज्याकडे कुणी बघत नाही

माझ्या मते "माझा स्कॅनर कमी पडतो" यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या इथल्या असतात, आणि बिटच्या चर्चेत हे नावही निघत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची एक स्लाइड मी चाचणीला वापरतो. आतून बाहेर बघत घेतलेली: मधोमध नालाच्या आकाराची ती प्रचंड खिडकी, तिच्यातून घुसणारा पांढराफटक उजेड, दोन्ही अंगांना खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि हत्तींवर बसलेल्या आकृत्या, वर छताच्या लाकडी कमानी. प्रोजेक्टरवर खिडकीजवळच्या खांबावरचा हत्ती सोंडेपर्यंत दिसतो. फ्लॅटबेडवर स्कॅन केली की लांबचे हत्ती नीट येतात आणि खिडकीशेजारचा, नेमका तोच, राखाडीत विरून जातो. नॉइज असता तर सगळेच सारखे बिघडले असते.

हिशेब मांडून बघू. खिडकीचा उजेड १ धरा. हत्तीच्या पाठीची घनता ३.२ आणि पोटाखालच्या सावलीची ३.६ धरा. फरक ०.४, म्हणजे सव्वा स्टॉपहून जास्त. डोळ्याला सहज दिसेल एवढा. आता समजा खिडकीच्या उजेडाचा फक्त हजारावा हिस्सा काच, आरसे आणि भिंग यांच्यात विखुरून या काळोखावर सांडला. पाठीतून येणारा खरा उजेड ०.०००६३ आहे, त्यात ०.००१ मिसळला, झाले ०.००१६३, घनता २.७९. सावलीचा ०.०००२५, त्याचे झाले ०.००१२५, घनता २.९०. ०.४ चा फरक ०.११ वर आला. एक हजारांशाने हे केलं. आता हे आकडे १२ बिटमध्ये लिहा नाहीतर १६ मध्ये, हत्ती परत यायचा नाही.

आणि मल्टी-एक्स्पोजरनेही यायचा नाही. एक्स्पोजर वाढवलं की खिडकीतून सांडणारा उजेडही तेवढ्याच पटीने वाढतो. महागाची सॉफ्टवेअर घेऊन "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं.

तपासणी सोपी आहे. एक्स्पोजर लॉक करा. हे विसरलात तर सगळा प्रयोग फुकट, कारण खिडकी झाकली की सॉफ्टवेअर आपोआप एक्स्पोजर वाढवतं. एक स्कॅन घ्या. मग जाड काळ्या कागदाची पट्टी स्लाइडच्या माउंटवर अशी ठेवा की खिडकी झाकली जाईल, फिल्मला मात्र स्पर्श होणार नाही. पुन्हा स्कॅन घ्या आणि हत्तीवरचा आकडा वाचा. तो दुसऱ्या वेळी लक्षणीय खाली आला तर दोषी फ्लेअर. जागचा हलला नाही तर पुन्हा नॉइजकडे वळा.

उपाय निरुत्साही करणारे आहेत, कारण ते घासण्या-पुसण्याचे आहेत. फ्लॅटबेडवर फिल्मभोवतीची मोकळी काच काळ्या कागदाने झाका (कॅलिब्रेशनची खिडकी सोडून). एकच स्लाइड ठेवून उरलेली घरं उघडी टाकणं हे फ्लेअरला आमंत्रणच. वरची काच स्वच्छ असूनही टॉर्च तिरपा मारल्यावर पांढुरकी झाक दिसली तर ती खालच्या अंगाला आहे. आतल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ तिथे थर धरते. फिल्म स्कॅनरमध्ये हीच गत आरशाची होते: धूळ बसली की उजळ कडांभोवती तेजोवलय दिसू लागतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यानंतर त्यात बुरशीची भर. यंत्र उघडायची सवय नसेल तर ते काम जाणकाराला द्या. आरशाचा चंदेरी लेप वरच्या पृष्ठभागावरच असतो आणि कापडाने घासला तर कायमचा जातो.

सपाट शून्य

यावर फार बोलायला नको. सॉफ्टवेअरमधला ऑटो लेव्हल्स, ऑटो कॉन्ट्रास्ट किंवा ब्लॅक पॉइंटची टक्केवारी बंद करा. स्कॅन फिका आणि निर्जीव दिसला तर घाबरू नका. तो तसाच हवा, कॉन्ट्रास्ट नंतर देता येतो. हायलाइटकडे मात्र लक्ष ठेवा: हिस्टोग्राम उजव्या टोकाला जवळजवळ टेकेल पण आपटणार नाही इतकं एक्स्पोजर द्या. स्लाइडमध्ये हरवलेला हायलाइट कुठूनच परत येत नाही.

निगेटिव्हचं गणित वेगळं

इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो. वेल्व्हिया किंवा कोडाक्रोमसारख्या स्लाइडमध्ये घनता साडेतीनच्या पुढे जाते, म्हणून तिला रेंज लागते. रंगीत निगेटिव्हमधल्या चित्राची घनतेची व्याप्ती साधारण दोनच्या आत असते. कोणताही बरा फ्लॅटबेड ती पेलतो. पण ती व्याप्ती उलटी करून आणि ताणून पूर्ण छटांत पसरायची असते, त्यातही फिल्मच्या नारिंगी मुखवट्यामुळे (निगेटिव्हवर मुळातच असलेल्या नारिंगी झाकेमुळे) निळा चॅनल सगळ्यात जास्त ताणावा लागतो. म्हणून निगेटिव्हला रेंज नको, बिट हवेत. जमल्यास निळ्या आणि हिरव्या चॅनलला एक्स्पोजरही वेगळं वाढवून द्या. निकॉन स्कॅनमध्ये याला ॲनालॉग गेन म्हणतात, व्ह्यूस्कॅनमध्ये रंगवार एक्स्पोजर देता येतं. निगेटिव्हच्या आकाशात पट्टे पडले म्हणून ४.० घनतेचा स्कॅनर घ्यायला निघालेल्याला थांबवा. त्याला टिफ हवी आहे.

घरोघरी सापडणाऱ्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह, त्यात ओर्वोच्या आल्या आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या इंदूच्याही आल्या, यांचंही असंच. फक्त त्यांच्यावर इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय चालवू नका. चित्र चांदीचंच असतं, आणि ती सोय चांदीलाच धूळ समजते. कोडाक्रोमच्या बाबतीतही ती बेभरवशाची.

कागदाचं तर आणखी सोपं. चकचकीत छायाचित्राची घनता फार तर दोन-सव्वादोनला थांबते, मॅट कागदाची त्याच्याही आधी. बोरूने लिहिलेल्या मोडी कागदांची व्याप्ती त्याहून लहान. तिथे रेंजचा प्रश्न नसतो. पण शाई उडालेली असेल आणि पिवळ्या कागदातून अक्षर उठवायचं असेल तर १६ बिट उपयोगी पडतात, कारण एवढ्याशा फरकाला खूप ताणायचं असतं. ठसठशीत अक्षर असेल तर ८ बिट भरपूर झाले. सगळं दप्तर १६ बिटमध्ये स्कॅन करून हार्डडिस्क भरण्यात अर्थ नाही.

नवा किंवा जुना स्कॅनर घ्यायचाच असेल तर

माहितीपत्रकातला आकडा विचारू नका. फिल्म स्कॅनरची रेंज कशी मोजावी याचं मानक २००४ पासून आहे, आयएसओ २१५५०. खोक्यावरचा आकडा त्याप्रमाणे मोजलेला आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो जाहिरातीचा समजा.

त्यापेक्षा स्टौफर कंपनीची टी४११० ही पट्टी मिळवा. तिच्यावर ४१ पायऱ्या असतात, ०.०५ पासून ४.०५ पर्यंत, दर पायरीला ०.१ ने घनता वाढते. २१ पायऱ्यांची स्वस्त टी२११५ फक्त ३.०५ पर्यंत जाते, ती स्लाइडच्या कामाला कमी पडते. विकणाऱ्याकडेच पट्टी लावून, सगळ्या दुरुस्त्या बंद करून, १६ बिट टिफमध्ये स्कॅन करायला सांगा. मग काळोख्या टोकाकडून मागे येत बघा, शेजारच्या दोन पायऱ्यांच्या सरासरीतला फरक नॉइजपेक्षा मोठा कुठे होतो. तो ३४ व्या पायरीला होत असेल तर त्या यंत्राची पोच ३.३५ आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. मोजताना पट्टीचं उजळ टोक एकदा उघडं ठेवा आणि एकदा काळ्या कागदाने झाका. दोन उत्तरांत तीन-चार पायऱ्यांचा फरक पडला तर यंत्र आतून मळलेलं आहे. तेवढे पैसे कमी करून मागा.